डबल ड्युटी आणि दांडी : आगारातला हा फेरा कसा मोडावा?

एसटी असो, बेस्ट असो की पीएमपी, प्रत्येक आगारात दिवस उजाडण्याआधी एक हिशेब जुळवावा लागतो. आज जितक्या कामगिऱ्या आहेत, तितके चालक आणि वाहक हजर आहेत का? नसतील तर वाहतूक नियंत्रकापुढे दोनच वाटा उरतात. एक तर फेरी रद्द करायची आणि थांब्यावरच्या प्रवाशांच्या शिव्या खायच्या, किंवा समोर दिसेल त्या चालकाला ‘एवढी एक मारा’ म्हणून गळ घालायची. बहुतेक वेळा दुसरी वाट धरली जाते. गाडी सुटते आणि त्या दिवसापुरता प्रश्न मिटतो. मात्र डबल ड्युटी करून गेलेला तोच चालक दोन-चार दिवसांनी अंग मोडून घरी पडतो, त्याची जागा भरायला तिसऱ्याला थांबवावे लागते आणि फेरा सुरू होतो.

ओव्हरटाइम आणि गैरहजेरी यांची नोंद आगारात वेगवेगळ्या वह्यांमध्ये होते. ओव्हरटाइम लेखा शाखेकडे जातो, गैरहजेरी आस्थापनेकडे. एकाला खर्च म्हणतात, दुसरीला शिस्तभंग. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय यांतली एकही आटोक्यात येत नाही, हे या लेखाचे सांगणे आहे. चालक-वाहक, वाहतूक नियंत्रक, आगार व्यवस्थापक आणि कामगार संघटनांचे कार्यकर्ते या सगळ्यांना लगेच करता येतील अशा गोष्टी पुढे दिल्या आहेत.

आधी माणसे मोजा

‘दांड्या वाढल्यात’ अशी तक्रार करण्याआधी एक साधे गणित करावे. एक कामगिरी वर्षाचे ३६५ दिवस चालते, ती करणारा माणूस ३६५ दिवस येऊ शकत नाही. त्याच्या ५२ साप्ताहिक सुट्ट्या, सुमारे १५ दिवसांची हक्काची रजा आणि सणांच्या ८ सुट्ट्या धरल्या तर ७५ दिवस वजा होतात. उरतात २९०. म्हणजे रोजच्या १०० कामगिऱ्यांसाठी १०० माणसे पुरत नाहीत, १२६ लागतात. आजारपण, प्रशिक्षण आणि बदलीमुळे रिकाम्या झालेल्या जागा यात अजून धरलेल्याच नाहीत.

आता समजा, त्या आगारात प्रत्यक्ष ११५ जणच आहेत. सगळे शहाण्यासारखे वागले, एकानेही एक दिवस दांडी मारली नाही, तरी वर्षाला ३,१५० कामगिऱ्या उघड्या पडतात, म्हणजे रोज आठ-नऊ. त्या भरायच्या तर प्रत्येकाला महिन्याला दोनहून अधिक डबल ड्युट्या कराव्या लागतील. ही तूट माणसांच्या आळसाची नाही, मंजूर संख्येची आहे. आपल्या आगाराच्या रजेच्या नियमांप्रमाणे हे आकडे बदलतील, पण हिशेबाची रीत हीच राहील. प्रत्येक आगार व्यवस्थापकाने वर्षातून एकदा हे गणित लिहून विभागाकडे पाठवावे आणि संघटनांनीही मागणीपत्रात तेच मांडावे. ‘कर्मचारी कमी आहेत’ हे वाक्य हवेत विरते. ‘१२६ हवेत, ११५ आहेत, म्हणून रोज नऊ कामगिऱ्या ओव्हरटाइमवर जातात’ या वाक्याला उत्तर द्यावे लागते.

कायदा काय सांगतो

१९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा ही या क्षेत्राची जुनी चौकट. पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या वाहतूक संस्थांना तो लागू होता. दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम. लांब पल्ल्याच्या मार्गांवर किंवा सणासुदीला मंजुरी घेऊन १० आणि ५४ तासांपर्यंत. सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती. विश्रांती धरून कामाचा एकूण पसारा १२ तासांच्या आत. आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे, अशी त्याची बांधणी होती. जादा कामाला दुप्पट दराने मोबदला होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. दिवसाचे आठ तास आणि दुप्पट मोबदला ही तत्त्वे तिच्यातही आहेत. कामगारांनी तीन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. पहिली, जादा कामासाठी कामगाराची संमती लागते. दुसरी, जादा काम दिवसावर किंवा आठवड्यावर मोजायचे असून त्यांतली कामगाराला फायद्याची पद्धत धरायची आहे. तिसरी, वर्षात १८० दिवस काम केले की २० दिवसांमागे एक दिवस या प्रमाणात भरपगारी रजा मिळते. जुन्या कायद्यात ही अट २४० दिवसांची होती. वाहतूक सेवा विस्कळीत होऊ नये म्हणून साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बोलावता येते, पण सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काळ पूर्ण दिवसाच्या सुट्टीशिवाय राबवता येत नाही. बुडालेल्या सुट्टीच्या बदल्यात त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत सुट्टी द्यावी लागते.

विश्रांती आणि कामाचा पसारा यांचा तपशील संहितेने सरकारी नियमांवर सोपवला आहे. म्हणून आपल्या संस्थेला आज कोणते नियम आणि कोणता वेतन करार लागू आहे, हे संघटनेकडून किंवा आस्थापना शाखेकडून लेखी घ्यावे. जुन्या कायद्यातली नऊ तासांची विश्रांती आणि बारा तासांचा पसारा मात्र आगाराने मोजपट्टी म्हणून भिंतीवर लावून ठेवावी. माणसाच्या शरीराची गरज कायदा बदलला म्हणून बदलत नाही.

एक दिवस उलगडून पाहू

नमुन्यादाखल एका चालकाचा दिवस घेऊ. पहाटे सव्वाचारला उठून तो साडेपाचला आगारात हजर होतो. गाडीचे पाणी, हवा, ब्रेक पाहतो, लॉगशीट घेतो आणि गाडी फलाटाला लावतो. दुपारी दीडला पहिली कामगिरी संपते. तेवढ्यात निरोप येतो, दुपारचा चालक आलेला नाही. दोन वाजता हा पुन्हा स्टिअरिंगवर. शेवटची फेरी साडेनऊला आत येते. गाडी लावून, कागद जमा करून बाहेर पडायला रात्रीचे दहा वाजून दहा मिनिटे होतात.

कामाचा पसारा झाला १६ तास ४० मिनिटांचा. दोन्ही वेळची अर्ध्या-अर्ध्या तासाची सुट्टी आणि मधला अर्धा तास वगळला तर प्रत्यक्ष काम १५ तास १० मिनिटे. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेपाचची हजेरी असेल तर मधे उरतात ७ तास २० मिनिटे. जाण्यायेण्याचे, जेवणाचे, आंघोळीचे वजा केले तर झोपेला पाच तासही मिळत नाहीत.

आता रस्त्यावरच्या धोक्याचा हिशेब. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात सुमारे ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी प्रयोगातून दाखवले. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. या चालकाचे सतरा तास रात्री सव्वानऊला भरतात, तेव्हा तो भरलेली गाडी घेऊन शेवटच्या फेरीवर असतो. त्याने थेंबभरही घेतलेली नाही. तरीही दारू पिऊन आलेल्याला जी गाडी आपण कधी देणार नाही, ती याच्या हातात आपण स्वतः दिलेली असते.

मोबदलाही पाहू. त्याचा नेहमीचा दर तासाला १२० रुपये आहे असे धरू. आठ तासांवरचे ७ तास १० मिनिटे दुप्पट दराने, म्हणजे २४० रुपयांनी, १,७२० रुपये झाले. घर चालवणाऱ्याला ही रक्कम मोठी वाटते आणि ती आहेच. म्हणूनच डबल ड्युटीला नाही म्हणणे अवघड जाते, आणि ‘चालक स्वतःच मागतात’ एवढ्यावर आगाराची जबाबदारी संपत नाही.

चालक-वाहकांसाठी

*स्वतःची वही ठेवा.* खिशात मावेल अशा वहीत रोज पाच गोष्टी लिहा: हजेरीची वेळ, मार्ग आणि गाडी क्रमांक, विश्रांती कुठे आणि किती मिळाली, कामातून सुटल्याची वेळ, आणि जादा काम कोणाच्या सांगण्यावरून केले. गाडी तपासणे, डिझेल भरणे, वाहकाने मशीन आणि रोकड जमा करणे ही पूरक कामेही कामाच्या तासांत मोजली जातात. शेवटच्या थांब्यावर पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ नुसते थांबावे लागले तर तोही वेळ कामाचाच. वाहकांचे तास बहुधा रोकड भरण्याच्या रांगेतच हरवतात. महिनाअखेरीस वही आणि पगारपत्रक शेजारी ठेवून ताळा करा. फरक दिसला तर त्याच महिन्यात लेखी अर्ज द्या.

*येता येणार नसेल तर लवकर कळवा.* रात्री आठला कळवलेली गैरहजेरी आणि पहाटे सहाला कळलेली गैरहजेरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रात्री कळले तर राखीव माणूस ठरवता येतो. पहाटे कळले तर रात्रपाळी करून घरी निघालेल्या सहकाऱ्यालाच अडवले जाते. आधी फोन करा, लगेच मोबाइलवर लेखी संदेश पाठवा आणि परतल्यावर अर्ज द्या. संदेशात चार ओळी पुरेत: ‘मी चालक, बिल्ला क्रमांक अमुक. मला रात्रीपासून ताप आहे. उद्या पहाटेच्या कामगिरीवर येऊ शकणार नाही. डॉक्टरांचा दाखला हजर होताना देतो.’ हा संदेश जपून ठेवा. पुढे ‘न कळवता गैरहजर’ असा शेरा बसला तर तोच तुमचा पुरावा.

*थकलेले असाल तर नाही म्हणा आणि ते लिहून द्या.* तोंडी नकार ‘आडमुठेपणा’ म्हणून नोंदला जाऊ शकतो. कागदावरचा नकार सुरक्षिततेची सूचना ठरतो. असे लिहिता येईल: ‘मी आज पहाटे साडेपाचपासून कर्तव्यावर असून आठ तास पूर्ण झाले आहेत. पुरेशी विश्रांती न झाल्याने पुढील कामगिरीवर सुरक्षितपणे गाडी चालवण्याच्या स्थितीत नाही. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी मला जादा कामगिरी देऊ नये ही विनंती.’ तारीख आणि वेळ घाला, पोच घ्या. पोच मिळत नसेल तर कागदाचा फोटो काढून ठेवा.

*कर्जाचा हप्ता मूळ पगारावर बसवा.* पतसंस्थेचे कर्ज, गाडीचा हप्ता आणि मुलांची फी ओव्हरटाइम धरून ठरवली की पुढची काही वर्षे माणूस डबल ड्युटीला बांधला जातो. शरीर थकते, खाडे पडतात, खाड्याचा पगार कापला जातो आणि ती तूट भरायला पुन्हा डबल ड्युटी मागावी लागते. ओव्हरटाइमचा पैसा घरखर्चात न मिसळता वेगळ्या खात्यात टाकावा आणि कर्ज फेडायला किंवा अडीअडचणीला वापरावा. घरच्यांनाही हे गणित समजावून सांगावे. दरमहा येणारी जादा रक्कम हा पगार नव्हे, झोप विकून आलेला पैसा आहे हे घरात माहीत असले पाहिजे.

*झोप आणि तब्येत हा कामाचाच भाग समजा.* पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर आपोआप सुस्तावते. खिडकी उघडल्याने किंवा गाणी लावल्याने झोप उडत नाही, ती थोडी पुढे ढकलली जाते. फेऱ्यांमधल्या मोकळ्या वेळात वीस मिनिटांची डुलकी घ्या. मुक्कामी गाडी असेल तर गावात पोहोचल्यावर मोबाइल बाजूला ठेवून आधी आडवे व्हा. जोरात घोरणे, पुरेसे झोपूनही दिवसा पेंग येणे ही झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची लक्षणे असू शकतात, डॉक्टरांना दाखवा. बसून काम करण्याचा धोका जुनाच आहे. लंडनच्या दुमजली बसमधले जिने दिवसभर चढणारे-उतरणारे वाहक आणि जागेवर बसून राहणारे चालक यांची तुलना करून डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्येच दाखवले की हृदयविकार चालकांमध्ये अधिक आढळतो. रक्तदाब आणि साखर सहा महिन्यांतून एकदा तपासा. आधीच पकडलेला रक्तदाब दोन तासांच्या रजेत भागतो. अंगावर काढलेला महिना महिना घरी बसवतो.

*कंत्राटी चालकांनी विम्याचा हक्क तपासावा.* भाडेतत्त्वावरच्या गाड्यांवर काम करणाऱ्यांना महामंडळाच्या सवलती नसतात. एक दिवस आजारी पडले की त्या दिवसाचा पगार जातो, म्हणून ते ताप अंगावर घेऊन गाडी चालवतात. महिन्याचे वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव आहे का ते पाहा. ठरलेल्या मुदतीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत लाभ मिळतो. पगारातून कपात होते आणि विमा क्रमांक मात्र माहीत नाही, अशी स्थिती असेल तर आजच ठेकेदाराकडे मागा.

वाहतूक नियंत्रक आणि आगार व्यवस्थापकांसाठी

*ओव्हरटाइमचे कारण लिहा.* नुसते तास लिहून काही कळत नाही. प्रत्येक जादा तासापुढे पाचपैकी एक कारण नोंदवा: रिक्त जागा, मंजूर रजा, न कळवलेली गैरहजेरी, गाडी उशिरा येणे, जादा फेरी. तीन महिन्यांत चित्र स्पष्ट होते. उड्डाणपुलाच्या कामामुळे एखादी फेरी रोज चाळीस मिनिटे उशिरा येत असेल, तर त्या ओव्हरटाइमचा गैरहजेरीशी संबंध नाही. वेळापत्रकातला धाववेळ चुकीचा आहे. तो बदलला की जादा तास थांबतात, चालकाची जेवणाची सुट्टी परत मिळते आणि वेळ गाठण्यासाठी गाडी दामटण्याचे कारणही उरत नाही.

*गैरहजेरीचे प्रकार वेगळे करा.* मंजूर रजा, आजारपण आणि न कळवता मारलेली दांडी यांची बेरीज करून ‘गैरहजेरी’ म्हणू नये. प्रत्येकाची टक्केवारी वेगळी काढा: त्या प्रकारात गेलेले मनुष्यदिवस भागिले अपेक्षित मनुष्यदिवस, गुणिले शंभर. मग वार, पाळी आणि मार्ग यांप्रमाणे पाहा. एखाद्या मार्गावर कोण येत नाही यापेक्षा कोणीच का येऊ इच्छित नाही, हे विचारणे फायद्याचे ठरते. तिथे मुक्कामाला दाराला कडी नसलेली खोली असेल, शेवटच्या थांब्यावर स्वच्छतागृह नसेल. महिला वाहक त्या मार्गावर दिवसभर पाणी प्यायचे टाळतात आणि मग मूत्रमार्गाच्या त्रासाने रजेवर जातात. अशा ठिकाणी नोटीस काढून हजेरी सुधारत नाही, स्वच्छतागृहाने सुधारते.

एकेक दिवसाचे खाडे सेवेला जास्त जाचतात. ते मोजायला ‘ब्रॅडफर्ड गुणांक’ नावाचे सूत्र जगभर वापरले जाते: वर्षात किती वेळा खंड पडला त्या संख्येचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. एकदाच दहा दिवस आजारी पडलेल्याचा गुणांक १० येतो, दहा वेळा एकेक दिवस गैरहजर राहिलेल्याचा १,०००. हा आकडा शिक्षेसाठी वापरू नये. कोणाशी आधी बोलायचे, हे ठरवण्यासाठी तो उपयोगी आहे.

*जादा कामगिरी पाळीपाळीने द्या.* ओव्हरटाइम मर्जीतल्यांना मिळतो अशी कुजबूज सुरू झाली की बाकीच्यांचा कामातला जीव जातो, आणि मर्जीतले थकून जातात. जादा काम करायला तयार असलेल्यांची यादी फळ्यावर लावा. नाव पुढे सरकत जाईल, कोणाला किती तास मिळाले ते सगळ्यांना दिसेल. नाव पुकारण्याआधी तीन प्रश्न विचारा: मागच्या कामगिरीनंतर याला नऊ तास मिळाले का? मागच्या दहा दिवसांत पूर्ण सुट्टी झाली का? आज बारा तासांचा पसारा ओलांडतो का? एकाचेही उत्तर चुकीच्या बाजूला गेले तर पुढचे नाव घ्या. चालकाच्या बाबतीत हा नियम वाहकापेक्षाही कडक ठेवा.

एक जुनी खोड याच यादीने मोडता येते. मधल्या वारी दांडी मारायची आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी येऊन दुप्पट दराने काम करायचे, असे काही जण करतात. करारात बसत असेल तर सुट्टीच्या दिवसाची जादा कामगिरी त्या आठवड्यात पूर्ण हजेरी असलेल्यांना आधी द्यावी. आजारी रजेवर गेलेल्याला मात्र या अटीत अडकवू नये, नाहीतर माणसे ताप घेऊन कामावर येतील.

*रजा वेळेवर आणि लेखी मंजूर करा.* बऱ्याच दांड्यांचे मूळ नाकारलेल्या रजेत असते. आपल्याकडचे अनेक चालक-वाहक शेतकरी घरांतले आहेत. जूनमधली पेरणी, गावची जत्रा, मे महिन्यातली लग्ने या तारखा महिनाभर आधी ठाऊक असतात. नेमक्या त्याच काळात प्रवासीही वाढतात. आषाढीला पंढरपूर, गणपतीला कोकण आणि मग दिवाळी. रजेचा अर्ज टेबलावर पडून राहिला की माणूस न सांगता जातो, आणि मग एका दिवसाच्या कामासाठी चार दिवस फिरकत नाही, कारण दांडीचा शेरा एक दिवस गेले तरी बसणारच असतो. प्रत्येक तिमाहीचे रजा-वेळापत्रक आधी लावा, रोज किती जणांना रजा देता येईल ते जाहीर करा आणि अर्जावर ठरलेल्या मुदतीत ‘हो’ किंवा कारणासह ‘नाही’ असे उत्तर द्या. दोन कर्मचाऱ्यांनी आपसांत कामगिरी बदलून घेण्याची सोय ठेवा. अदलाबदलीने कितीतरी दांड्या टळतात. यात्रेच्या काळात रजा नाकारावी लागली तर यात्रा संपल्यावरची तारीख त्याच कागदावर लिहून द्या आणि ती पाळा.

*परतलेल्याशी पाच मिनिटे बोला.* नोटिशीपूर्वी संवाद हवा. खुर्ची द्या आणि विचारा: काय झाले होते? आता बरे आहे का? आगाराकडून काही करता येईल का? घरात अंथरुणाला खिळलेली आई असेल तर दोन महिने सकाळची पाळी देऊन प्रश्न सुटू शकतो. दारूचे व्यसन असेल तर उपचाराला पाठवणे आणि तोवर स्टिअरिंगपासून दूर ठेवणे दोन्ही गरजेचे आहे. बोलण्यातून ठरले ते दोन ओळींत लिहून दोघांनी सही करावी.

*शिस्तभंगाची कारवाई शेवटी आणि नियमाने.* रजेशिवाय वारंवार गैरहजर राहणे किंवा सलग दहा दिवसांहून अधिक काळ न येणे हे आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तन मानले आहे, आणि सांगून-समजावून न सुधारणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे. त्याच्या दांडीचा भार रोज येणाऱ्या प्रामाणिक माणसावर पडतो. पण कारणे दाखवा नोटीस, आरोपपत्र, बाजू मांडण्याची संधी आणि चौकशी यांतली एकही पायरी चुकवू नये. गैरहजेरी हेतुपुरस्सर होती का, हे चौकशीत सिद्ध व्हावे लागते. नाइलाजाने झालेली गैरहजेरी गैरवर्तन ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कृष्णकांत परमार खटल्यात म्हटले आहे. घाईने दिलेली बडतर्फी न्यायालयात टिकत नाही, आणि तोवर आगाराचा एक माणूस कमी झालेला असतो.

संघटनांनी काय मागावे

ओव्हरटाइमचे थकलेले पैसे मागणे योग्यच आहे. त्याच्याबरोबर विश्रांतीचे तासही तितक्याच जोराने मागितले पाहिजेत. मंजूर पदांमध्ये रजा-राखीव कर्मचाऱ्यांचे प्रमाण, जादा कामाच्या यादीवर देखरेख, मुक्कामाच्या ठिकाणी अंथरूण, पाणी आणि स्वच्छतागृह, तसेच लेखी नकार देणाऱ्या चालकावर सूड उगवला जाणार नाही याची हमी, या चार मागण्या प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेत असाव्यात. थकलेल्या सभासदाला नाही म्हणताना एकटे पडल्यासारखे वाटू नये, हे संघटनेचे पहिले काम आहे.

सुरुवात कुठून करावी

एवढे सगळे एकदम होणार नाही. पहिल्या महिन्यात आगाराने फक्त दोन गोष्टी कराव्यात: प्रत्येक जादा तासापुढे कारण लिहावे आणि नऊ तासांच्या विश्रांतीची नोंद सुरू करावी. दुसऱ्या महिन्यात जादा कामगिरीची यादी फळ्यावर लावावी. तिसऱ्यात रजेचे वेळापत्रक. यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही की वरून आदेश यावा लागत नाही. चालक-वाहकांनी आपली वही आजपासूनच सुरू करावी.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून गावोगावच्या माणसांनी आपली मुले शाळेला, आजारी माणसे दवाखान्याला आणि लेकी सासरी याच गाडीच्या भरवशावर धाडल्या आहेत. तो भरवसा गाडीवर नसतो, ती चालवणाऱ्यावर असतो. त्याला पुरी झोप आणि वेळेवर रजा मिळू द्या. तेवढे झाले तर ओव्हरटाइमही घटेल आणि दांड्याही. आणि चालक बंधूंनो, डोळे मिटू लागले असतील तर गाडी बाजूला घ्या. उशिरा पोहोचलेल्या फेरीचा जाब देता येतो, न पोहोचलेल्या प्रवाशांचा देता येत नाही.